जैतापूरच्या समुद्राचं तापमान कोण मोजणार?

मागच्या डिसेंबरात आमच्या तालुक्यातल्या एका कॉलेजने वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. विषय होता 'अणुऊर्जा की अपारंपरिक ऊर्जा'. चौदा मुलं बोलली, सात इकडून सात तिकडून. पोरं छान बोलली खरंच, पण तीन तासांनी वहीत बघितलं तर उतरलेले सगळे मुद्दे तेच, जे मी २०१० पासून राजापूरच्या एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, टपरीवर ऐकत आलोय. एका बाजूला फुकुशिमा, चेर्नोबिल, हापूस करपणार, मुलं अपंग जन्मणार. दुसऱ्या बाजूला विकास, नोकऱ्या, फ्रान्स बघा कुठे गेला, विरोध करणारे अडाणी. सोलरच्या बाजूने बोलणाऱ्या एकालाही जुलै महिना आठवला नाही आणि अणुवीजेच्या बाजूने बोलणाऱ्या एकालाही समुद्र आठवला नाही. जैतापूरचा अणुप्रकल्प जिथे येणार ते माडबन तिथून तासाभरावर आहे हे कुणाच्या भाषणावरून कळलंही नसतं. मुलांना दोष देत नाही, मोठ्यांनी गेली पंधरा वर्षं हा वाद जसा घातलाय तसाच त्यांनी उचललाय.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो, सत्तावीस वर्षं झाली. अणुऊर्जेला माझा विरोध नाही, उलट कोळसा सोडायचा असेल तर ती लागणारच असं मला वाटतं. पण जैतापूरला आज कागदावर जे आहे, म्हणजे एकाच सड्यावर, कातळाच्या पठारावर, जगातल्या सगळ्यात मोठ्या जातीच्या सहा अणुभट्ट्या, त्याला माझा विरोध आहे. आणि 'अणू नको, त्यापेक्षा कोकणात सोलर लावा' हे उत्तरही मला तितकंच कच्चं वाटतं. आपण सगळे मशीन चांगलं की वाईट यावर भांडतोय, आणि ते मशीन कोण चालवणार, त्याचा हिशोब कोण ठेवणार, तो आम्हाला कधी दाखवणार, हे मात्र कुणी विचारत नाही.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात. राजापूर तालुक्यात माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे आणि वरलीवाडा अशी पाच गावांची ९३८ हेक्टर जमीन घेतली. तिथे १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९९०० मेगावॅट, असा मूळ आराखडा. नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरणाची परवानगी आली, आठवड्याभरात फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी दिल्लीत आले आणि अरेवा कंपनीबरोबर करार झाला. तीन महिन्यांत, ११ मार्च २०११ ला, फुकुशिमा झालं. एप्रिलमध्ये शेजारच्या नाटे या मच्छीमार गावात पोलीस गोळीबारात एक तरुण गेला. पुढे अरेवाच डबघाईला आली, तिचा अणुभट्ट्यांचा धंदा ईडीएफ या फ्रेंच सरकारी वीज कंपनीकडे गेला. सड्यावर भोवती कंपाउंड आहे, आत अजून एका अणुभट्टीचं काँक्रीट पडलेलं नाही.

आता समोरच्यांचं जे खरं आहे ते मान्य करू, आणि अर्धवट नको, पूर्ण मान्य करू. अणुवीजवाले म्हणतात की सूर्य रात्री नसतो आणि कोकणात तर चार महिने दिवसाही नसतो. बरोबर आहे. हिशोब करून बघा. ९९०० मेगावॅट वर्षातला ८५ टक्के वेळ चालले तर साधारण ७३०० कोटी युनिट होतात. एक मेगावॅट सोलर २० टक्क्यांच्या हिशोबाने, कोकणासाठी हे मी जास्तच धरतोय, वर्षाला साडेसतरा लाख युनिट देतं. म्हणजे तेवढीच वीज हवी तर ४२ हजार मेगावॅट सोलर लागेल, आणि मेगावॅटला चार एकर धरले तर पावणेदोन लाख एकराच्या आसपास जमीन. हा रत्नागिरी जिल्ह्याचा जवळजवळ बारावा हिस्सा झाला. कुठून आणणार, कलमाच्या बागा तोडून? आणि हे करूनही १५ जुलैच्या रात्री पंखा कशावर फिरणार हा प्रश्न राहतोच. उलट खाली कारवारच्या आतल्या बाजूला कैगा आहे, आपल्यासारख्याच पावसाच्या पट्ट्यात, तिथली पहिली अणुभट्टी २०१८ पर्यंत सलग ९६२ दिवस न थांबता चालली. त्यात तीन अख्खे पावसाळे गेले.

सुरक्षिततेचंही तसंच. कोळशाच्या धुराने, खाणीत, राखेने जितकी माणसं जातात त्याच्या तुलनेत अणुवीजेने युनिटमागे जाणारे जीव खूप कमी आहेत, हे आता वादाचं राहिलेलं नाही. जयगडला २०१० पासून १२०० मेगावॅटचा कोळशाचा प्लांट चालू आहे, बाहेरून आणलेल्या कोळशावर. त्यावर चौदातल्या एकाही मुलाने एक वाक्य बोललं नाही. देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज अजून कोळशातून येते आणि अणूतून जेमतेम तीन टक्के, आणि भांडण मात्र सूर्य विरुद्ध अणू असं. जर्मनीने एप्रिल २०२३ मध्ये शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या तेव्हा कोळशाची केंद्रं चालूच होती. तो आदर्श घ्यायचा का आपण?

आणि हापूसचं. आंबेवाल्या घरातला आहे म्हणून हक्काने सांगतो, 'किरणोत्सर्गाने हापूस संपेल' हा आपल्या बाजूचा सगळ्यात कमकुवत मुद्दा आहे. २००७ मध्ये अमेरिकेने आपल्या आंब्याला दार उघडलं ते कसल्या जोरावर? लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्लांटमध्ये आंब्यावर गॅमा किरणांचा मारा केल्यावरच तो विमानात चढायचा, कीड मरावी म्हणून. ते किरण कोबाल्ट-६० मधून येतात आणि कोबाल्ट-६० अणुभट्टीत तयार होतो. आंब्यातून किरण जातात, आंबा किरणोत्सर्गी होत नाही, एक्सरे काढलेला माणूस होत नाही तसाच. आपल्याच घरातली माणसं परळला टाटात शेक घ्यायला जातात, तेव्हा तसल्याच किरणांना आपण हात जोडतो. हापूसला खरा धोका आहे तो अवकाळी पावसाचा, मोहोर गळण्याचा, वाढत्या उष्णतेचा, आणि ती उष्णता वाढवतोय तो कोळसा. भीती खोटी असेल तर ती पेरू नये, आपल्या फायद्याची असली तरी. कारण ती एकदा उघडी पडली की मग आपण खरं बोलतो तेसुद्धा कुणी ऐकत नाही, आणि आमच्या आंदोलनाचं नेमकं हेच झालं.

फुकुशिमाबद्दल मात्र थांबून बोलायला हवं कारण दोन्ही बाजूंनी त्यातून चुकीचा धडा घेतलाय. भूकंपात तिथल्या अणुभट्ट्या बंद पडल्या, पडायलाच हव्या होत्या. पण बंद झालेल्या अणुभट्टीतही उष्णता तयार होत राहते, तिला पाणी फिरवत ठेवावं लागतं आणि त्याला वीज लागते. त्सुनामीची लाट चौदा-पंधरा मीटरची होती आणि केंद्राची तयारी सहा मीटरचीसुद्धा नव्हती. डिझेल जनरेटर तळघरात. तळघर बुडलं आणि खेळ संपला. आता याच किनाऱ्यावर, भूकंपाच्या केंद्राला फुकुशिमापेक्षा जवळ, ओनागावा नावाचं दुसरं अणुवीज केंद्र आहे. तेच तंत्रज्ञान, तोच भूकंप, तीच लाट. ते नीट बंद झालं, आणि घरं वाहून गेलेल्या आसपासच्या गावकऱ्यांनी त्याच केंद्राच्या आवारात आसरा घेतला! फरक काय? ओनागावा बांधताना कंपनीतल्याच इंजिनियरने हट्ट धरून ते उंचावर बांधायला लावलं होतं. एका ठिकाणी जुन्या लाटांचं ऐकलं, दुसऱ्या ठिकाणी नाही ऐकलं.

मग प्रश्न असा होतो की आमच्याकडे ऐकणारं कोण आहे. माडबनचा सडा उंच आहे, फुकुशिमासारखी लाट तिथे चढणं अवघड, हे मला पटतं. पण १९४५ च्या नोव्हेंबरात आताच्या पाकिस्तानातल्या मकरानच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला आणि त्याची लाट मुंबईपर्यंत आली, ही गोष्ट आमच्याकडच्या किती सभांमध्ये सरकारने स्वतःहून सांगितली? मी तरी ऐकली नाही. 'शंभर टक्के सेफ' एवढंच ऐकलं. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला शंभर टक्के या शब्दाचीच भीती वाटते. अणुऊर्जेवर लक्ष ठेवणारं नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झालं ते सरकारी आदेशाने, त्याला स्वतःचा कायदा नव्हता, आणि ज्या खात्यावर लक्ष ठेवायचं त्याच घरात ते बसलेलं. २०१२ मध्ये कॅगने यावर कडक रिपोर्ट दिला. त्यानंतर मंडळाला कायद्याचा दर्जा द्यायला डिसेंबर २०२५ उजाडावा लागला, आणि ज्या कायद्याने तो दिला त्यानेच अणुवीजेचं दार खासगी कंपन्यांनाही उघडलं. कायदा झाला चांगलंच, पण कागदावरचं मंडळ नाट्याच्या जेटीवर येऊन कधी उत्तर देतं ते बघू.

आता त्या सहा अणुभट्ट्यांचं. ईपीआर नावाचं हे डिझाइन कागदावर उत्तम आहे, वितळलेलं इंधन पकडायची वेगळी जागा, दुहेरी भिंती, सगळं. पण फिनलंडच्या ओल्किलुओटोला काम २००५ मध्ये सुरू झालं, वीज २००९ ला मिळणार होती, नियमित मिळायला लागली २०२३ मध्ये. खुद्द फ्रान्समध्ये फ्लामानव्हिलला २००७ ला सुरुवात, ग्रिडला जोडणी डिसेंबर २०२४. खर्चाचा पहिला अंदाज ३३० कोटी युरो आणि कंपनीचाच पुढचा आकडा १३०० कोटींच्या वर. चीनमध्ये तैशानला दोन झाल्या, २०१८ आणि २०१९ मध्ये, त्या लवकर झाल्या हे मान्य, पण त्यातली पहिली इंधनाच्या कांड्या खराब झाल्या म्हणून वर्षभर बंद ठेवावी लागली. ज्यांनी हे मशीन बनवलं त्यांना स्वतःच्या अंगणात एक उभी करायला सतरा वर्षं लागली, आणि आपण एकदम सहा मागवतोय.

हे ऐकलं की मला गुहागर आठवतं. दाभोळचा एन्रॉन कंपनीचा वीजप्रकल्प. त्याच्या विरोधात तेव्हा लोक समुद्र, मासे, परदेशी कंपनी या सगळ्यावर बोलले आणि त्यात चूक नव्हती, पण प्रकल्प बुडाला तो वीजेच्या दरामुळे. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, दोन वर्षांत २००१ मध्ये वीज मंडळाने वीज घेणं बंद केलं, कारण परवडेना, आणि डिसेंबरात एन्रॉनच दिवाळखोर. मशिनरी चांगलीच होती हो! नंतर सरकारी कंपन्यांनी तीच चालवायला घेतली. वाईट होता तो करार, बंद खोलीत झालेला, डॉलरशी बांधलेला. आज जैतापूरच्या वीजेचा युनिटचा दर काय पडणार, याचं पक्कं लिहिलेलं उत्तर पंधरा वर्षांत जनतेसमोर आलेलं नाही. अणुऊर्जेच्या बाजूच्या लोकांनी तरी हा प्रश्न सगळ्यात मोठ्याने विचारायला नको का? महाग वीज कुणी घेतली नाही तर बदनाम अणुऊर्जाच होणार आहे.

आणि समुद्र. इथे माझं फिजिक्स कामाला येतं. कुठलंही औष्णिक केंद्र, कोळशाचं काय अणूचं काय, जेवढी उष्णता तयार करतं त्यातली साधारण एक तृतीयांश वीज होते, बाकी फेकून द्यावी लागते. जैतापूरच्या सहा चालल्या तर १७ हजार मेगावॅटच्या आसपास उष्णता रात्रंदिवस समुद्रात जाणार. परवानगीत अट आहे की सोडलेलं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा ५ अंशांहून जास्त गरम नसावं. घोकून पाठ केल्यासारखं सगळे म्हणतात, अरबी समुद्र केवढा मोठा, काय होणार. समुद्र मोठा आहे, पण बांगडा नि पेडवे अख्ख्या अरबी समुद्रात मिळत नाहीत, ते किनाऱ्याला येतात, ठरलेल्या पाण्यात येतात. नाट्याच्या होड्या ज्या पट्ट्यात जाळं टाकतात तो पट्टा आणि गरम पाण्याची धार पडणारा पट्टा एकच आहे. एक अणुभट्टी असती तर माझी एवढी तक्रार नव्हती. सहा एकाच जागी आहेत म्हणून आहे. आणि होड्यावाल्यांना नुकसानभरपाईच्या यादीत शोधलं तर सापडत नाहीत कारण त्यांच्या नावावर सातबारा नाही. दर्याचा सातबारा नसतो.

आता सोलरवाल्या मित्रांकडे वळतो, कारण त्यांचीही बाजू जोरदार आहे आणि ते ती नीट मांडत नाहीत. जैतापूरचं काँक्रीट पडायची वाट बघण्यात जी वर्षं गेली त्यात देशातलं सोलर ३ हजार मेगावॅटच्या आतून १ लाख मेगावॅटच्या वर गेलं. लिलावात दर अडीच रुपयांच्या आसपास आले. याला उत्तर नाही. आणि जुलैचं काय, यावर एक खरं उत्तर आहे जे कुणीच देत नाही. जेव्हा ऊन जातं तेव्हा वारा येतो. कोयनेच्या वरच्या बाजूला वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या ऐन पावसाळ्यातच जोरात फिरतात, देवगडच्या पवनचक्क्या तर आपण पोरांना दाखवायलाच नेतो. दिवसाच्या उन्हाने पाणी वर चढवायचं आणि रात्री सोडायचं, पाणी असं चढवायची-सोडायची सोय घाटघरला २५० मेगावॅटची आहेच, रायगडात भिऱ्यालाही आहे. सह्याद्रीचा कडा ही त्यासाठी देवाने दिलेली जागा आहे.

पण म्हणून हे सगळं निर्मळ आहे का? आमचा सडा सरकारी कागदावर पडीक. लावा पॅनल, कुणाचं काय जातं. त्या पडीक कातळावर पावसाळ्यात गुरं चरतात, फुलं येतात जी दुसरीकडे कुठे येत नाहीत, आणि तिथेच ती कातळशिल्पं आहेत जी २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. बारसूला रिफायनरीच्या वेळी आपणच ओरडून सांगितलं की सडा पडीक नाही. मग सोलरसाठी तो पडीक कसा होईल? आणि पाण्याची वीज म्हणाल तर १९२१ ला मुळशीचे शेतकरी सेनापती बापटांबरोबर ज्या धरणाविरुद्ध बसले ते आजच्या भाषेत ग्रीन एनर्जीचंच धरण होतं. त्याच पाण्यावर भिऱ्याला वीज झाली आणि मुंबईला गेली. कोयना बघा. वीजघर आमच्याच जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यात पोफळीला, धूर नाही, राख नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथे भूकंप झाला, सुमारे १८० माणसं गेली, आणि धरणाच्या पाण्याचा त्याच्याशी संबंध आहे असं आज जगभरचे शास्त्रज्ञ मानतात. ज्यांची गावं बुडाली त्यांची तिसरी पिढी अजून अर्ज घेऊन फिरतेय. तारापूरला अणुवीज, तिथे तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी उठवलेल्या अक्करपट्टी-पोफरणच्या लोकांनाही पुनर्वसनासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. मशीन बदललं, अर्ज तोच राहिला.

'वीज मुंबईला आणि त्रास आम्हाला' हे मीही म्हणत होतो. पण आमच्या वाडीत बावीस घरं आणि त्यातली तेरा बंद, माणसं विरारला, डोंबिवलीला, लालबागला. मुंबई म्हणजे कोण, आपलीच की. तिथल्या फ्लॅटमधला फ्रीज आपल्या भावाचाच आहे. म्हणून तो मुद्दा मी सोडला, आणि त्याच्या जागी दुसरा धरला, की निदान आमच्या घरात लाईट असू दे. निसर्ग वादळात दापोलीकडे माझ्या आत्याच्या गावात महिनाभर लाईट नव्हती. हाकेच्या अंतरावरून मोठी लाईन जायची आणि हिच्याकडे मेणबत्ती. त्या बंद तेरा घरांच्या छपरांवर पॅनल बसले, गावापुरती बॅटरी ठेवली, तर पुढच्या वादळात आत्याच्या गावची गत आमची होणार नाही. ९९०० मेगावॅटच्या गप्पांमध्ये हे पाच-पंचवीस किलोवॅट बसतच नाहीत.

मला विचाराल तर अणुऊर्जा वाढवावी, पण आपण स्वतः बनवायला शिकलोय त्या ७०० मेगावॅटच्या अणुभट्ट्यांनी, काक्रापारसारख्या जिथे आधीच केंद्र आहे अशा जागी. काक्रापारची तिसरीही उशिरानेच आली, २०१० ला काम सुरू होऊन २०२१ ला ग्रिडला जोडली, पण बिघाड झाला तर कारागीर आपला आहे आणि बिल रुपयात आहे. जैतापूरच्या सहाचा आकडा रद्द करावा. तिथे पुढे कधी एखाद-दुसरी बांधायची असेल तर आधी दर लिहून द्यावा, मच्छीमार सोसायटीला जमीनमालकाइतकाच पक्षकार धरावं, आणि समुद्राची मोजणी प्रकल्पाशी संबंध नसलेल्या माणसांकडून, बांधायच्या आधी किमान पाच वर्षं करून तिचे आकडे मराठीत गावात लावावेत. हीच अट सड्यावरच्या सोलरला, हीच घाटातल्या पंपवाल्या धरणाला.

स्पर्धा संपल्यावर नाट्याची एक मुलगी माझ्याकडे आली, तिला नंबर मिळाला नव्हता. म्हणाली, "सर, पाणी पाच अंशाने वाढणार म्हणतात, पण आत्ता किती आहे ते आमच्यात कुणाला माहितीये?" प्रकल्पाच्या जाड इंग्रजी रिपोर्टात काही मोजण्या आहेत, पण तो रिपोर्ट तिच्या बाबांच्या हातात कधी आला नाही. जानेवारीपासून ती आणि आमच्या शाळेची तीन मुलं जेटीवर रोज सकाळी सातला बादलीने पाणी काढतात, शाळेच्या लॅबमधला थर्मामीटर दोन मिनिटं बुडवतात आणि दोनशेपानी वहीत आकडा लिहितात, शेजारी वारा आणि भरती-ओहोटी. बादलीतल्या पाण्याचं शास्त्र फार मोठं नाही हे त्यांना सांगितलंय. मेमध्ये आकडा ३१ च्या जवळ गेला होता. जून-जुलैची पानं कोरी आहेत, जेटीवर उभं राहता येत नव्हतं. नारळी पौर्णिमेनंतर परत सुरू केलं, वही आता अर्धी भरलीये, दुसरी आणून ठेवलीये.